मिस्त्रींचा कान

तालमीत आईची खुर्ची ठरलेली होती. नवऱ्याच्या, मिस्त्रींच्या, उजव्या हाताला, जरा पुढे ओढलेली, म्हणजे त्यांना फारशी मान न वळवता तिचं तोंड दिसायचं. थोरली लेक नगरपालिकेत निवडून आल्याला दीड वर्ष झालं होतं, आणि दर सर्वसाधारण सभेच्या दुपारी घरात ही तालीम व्हायची. थोरलीनं भाषण वाचायचं, धाकट्यानं विरोधी पक्ष व्हायचं, सूनबाईनं घड्याळ बघायचं आणि मिस्त्रींनी शेवटी निकाल द्यायचा. आईला कुणी काम नेमून दिलेलं नव्हतं. समोरच्याचं शेवटचं वाक्य ती आपली पुन्हा म्हणायची. "सभा पाच वाजता आहे," असं कुणी म्हटलं, की आई मिस्त्रींकडे तोंड करून म्हणायची, "पाच वाजता का सभा!" गल्लीतल्या बायका तिला मागून पोपट म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि चालतही होतं.

आज मात्र ती चहा आणायला उठली, तेवढ्यात सगळं घडलं.

थोरली उभी राहून वाचत होती. आजचं भाषण नेहमीसारखं नव्हतं. दीड वर्षाच्या कामाचा हिशेब लोकांसमोर ठेवायचा होता. निवडणुकीत तिनं चार गोष्टी कबूल केल्या होत्या. वर्कशॉपच्या गल्लीत दिवे, कामावर जाणाऱ्या बायकांसाठी पाळणाघर, टेकडीवर ऐंशी गाळ्यांचा बाजार आणि पाणी. दिवे लागले होते. पाळणाघर तर सूनबाईच चालवत होती, जुन्या पंपाच्या खोलीत, टाकीच्या बरोब्बर खाली. बाजाराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. उरलं पाणी, आणि तेही आजच टेकडीवर चढणार होतं.

"टाकीच्या दुरुस्तीसाठी ठेवलेली रक्कम," थोरली कागद तोंडासमोर धरून वाचत होती, "तपासणीनंतर अनावश्यक ठरल्यामुळे बाजाराच्या कामाकडे वळवण्यात आली. त्यामुळे बाजार एक वर्ष आधी—"

"थांबा, थांबा!" धाकटा टेबलावर हात आपटून उठला. विरोधी पक्ष त्याला मस्त जमायचा. शाळेतही तो नाटकात खलनायकच असे. "बाईसाहेब, तपासणी कुणी केली? मशीन आणलं होतं का? की घरच्या घरी उरकलंत?"

हे सगळं त्यानं वडिलांकडे बघत, तोंड भरून म्हटलं. त्यामुळे ते मिस्त्रींना बरोबर पोचलं.

"मशीन?" मिस्त्री ताठ झाले. "चाळीस वर्षं ही टाकी मी वाजवून बघतोय. हातोडी मारली की काँक्रीट स्वतः सांगतं. आतून सुटलेलं असेल तर भद बोलतं, चांगलं असेल तर खणखणीत. तुझ्या मशीनला काय कळतंय! ती हातोडी दे इकडे."

हातोडी दाराच्या मागं खिळ्याला टांगलेली असायची. लहानशी, लांब दांड्याची, मूठ घासून काळी झालेली. नगरपालिकेनं निवृत्तीला शाल दिली होती ती कपाटात होती आणि हातोडी दारात होती, यावरून काय ते समजावं. मिस्त्री ती घेऊन गॅलरीत गेले. तिथं दोन कुंड्या होत्या.

"हेच दाखव सभेत," ते थोरलीला म्हणाले. "दोन कुंड्या ने, आणि त्यांच्यासमोर वाजव. बघ."

त्यांनी पहिली कुंडी वाजवली. टण्ण.

त्यांनी दुसरी वाजवली. ती कुंडी गेल्या आठवड्यात पिटुकलीनं, म्हणजे धाकट्याच्या पोरीनं, ढकलली होती आणि मातीच्या आत बारीक तडा गेला होता. ती वाजलीच नाही. ओल्या लाकडावर मारल्यासारखा भद आवाज आला.

"ऐकलंत?" मिस्त्री वळले. चेहरा समाधानानं फुललेला. "दोन्ही खणखणीत."

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं सवयीनं पुढं होऊन काहीतरी म्हणायला हवं होतं, भुवई उडवायला हवी होती, पण हात गुंतलेले होते आणि ती त्यांच्या पाठीमागे होती. धाकट्यानं बिस्किट उचललं. थोरली कागदाकडे बघत राहिली. सूनबाई म्हणाली, "चहा गार होतोय," आणि ते इतक्या गोड आवाजात म्हणाली की आईला तिची भीती वाटली.

दहा वर्षं हे घर असंच करत आलं होतं.

*

थोरलीनं भावाला आणि भावजयीला स्वयंपाकघरात ओढलं. आई आधीच ओट्याला टेकून उभी होती.

"हे कधीपासून इतकं?" थोरलीनं विचारलं.

"तुला माहीत नव्हतं?" आई म्हणाली.

फोनवर बाबा हल्ली बोलत नाहीत, लगेच आईकडे देतात, हे थोरलीला माहीत होतं. टीव्हीचा आवाज शेजारी तक्रार करण्याइतका मोठा असतो, हेही माहीत होतं. आई मुद्दाम सगळं पुन्हा म्हणते, हे तर ती कॉलेजात असल्यापासून बघत होती. पण या सगळ्याची बेरीज तिनं कधी केली नव्हती, कारण केली असती तर बाबांना सांगावं लागलं असतं. उलट महिन्यापूर्वी, इंजिनिअरनं मशीनच्या तपासणीला तीन महिने लागतील म्हटल्यावर, तीच छाती पुढं काढून म्हणाली होती, "आमच्या मिस्त्रींना वर चढवते, एका दिवसात सांगतील." इंजिनिअर हसून म्हणाला होता, "मिस्त्रींचा कान म्हणजे काय बोलायलाच नको." आणि त्यानं सही केली होती.

"त्या दिवशी ते टाकी वाजवत होते," आई हळूच म्हणाली, "तेव्हा मी खाली डबा घेऊन उभी होते. त्यांनी हातोडी मारली, आणि मग नुसता तळहात लावून थांबले. बराच वेळ. मग पुढं गेले. मला वाटलं, चाळीस वर्षांचा हात आहे, हाताला कळत असेल."

"आई!" सूनबाईचा आवाज फुटला. "पाळणाघर आहे खाली. बावीस पोरं आहेत. पिटुकली आत्ता तिथं मदतनीस बाईंजवळ झोपलीय."

"अगं, हळू बोल."

"का हळू? त्यांना ऐकू येतंय कुठं!"

हे वाक्य घरात पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्यानं म्हटलं होतं. म्हटल्यावर सूनबाईनंच तोंडावर हात ठेवला.

आठ वर्षं ती टाकी अर्धीच भरत असत. खालच्या गल्ल्यांना तेवढं पुरायचं. टेकडीवर पाणी चढवायचं तर टाकी काठोकाठ भरायला हवी होती, आणि बारा वाजता थोरलीनंच जाऊन पंपाचं बटण दाबलं होतं. फोटोही काढला होता. आता सव्वातीन झाले होते. पाच वाजता टाकी भरणार, आणि पाच वाजताच ती सभेत उभी राहून सांगणार की बाजाराचा नळ सोडला.

तिनं पंपहाऊसला फोन लावला.

"बंद?" ऑपरेटर म्हणाला. "मॅडम, निम्म्याच्या वर गेलीय. झकास चढतंय पाणी. बंद कशाला?"

"मी सांगते म्हणून."

"तुम्ही सांगता ते बरोबर, पण मागं एकदा तोंडी ऐकून पंप बंद केला होता, तेव्हा माझा पगार कापलाय. लेखी द्या. कारणासकट. आणि मिस्त्रींना विचारलंत का? त्यांनी स्वतः वाजवलीय टाकी. मी शिडी धरून उभा होतो."

थोरलीनं फोन ठेवला. कारणासकट. ते कारण बाहेर आरामखुर्चीत बसून चहात बिस्किट बुडवत होतं.

*

धाकटा वेगळ्याच हिशेबात होता. दोन वर्षं दुकानाचं भाडं थकवून, बायकोचे दागिने मोडून, त्यानं टेकडीवरच्या बाजारात कोपऱ्याचा गाळा घेतला होता. बहिणीनं ओळख वापरली असं लोक म्हणायला नकोत म्हणून तो चिठ्ठीच्या रांगेत उभा राहिला होता आणि नशिबानं चिठ्ठी निघाली होती. पाणी नाही तर बाजार नाही.

"ताई, ऐक," तो म्हणाला. "एक कुंडी वाजली नाही म्हणून टाकी पडते का? चाळीस वर्षं उभी आहे. आज सभा होऊ दे. उद्या मशीन आणू, गुपचूप. आता तू लिहून दिलंस की बाबांना ऐकू येत नाही, तर काय होईल? तुझं पद जाईल. पैसे वळवले म्हणून चौकशी लागेल. आणि बाबा? बाबा उद्या गल्लीत तोंड दाखवतील?"

आई त्याच्या बाजूला सरकली. "खरंय गं त्याचं. त्यांना हे सहन होणार नाही. माझ्यावर ढकल ना काहीतरी. मी आजारी पडले म्हण, सभा पुढं ढकल."

"आई, पाणी चढतंय. तू आजारी पडलीस म्हणून ते थांबत नाही."

"मी चालले," सूनबाई म्हणाली. तिनं चप्पल घातली होती. "तुमचं ठरेपर्यंत मी पोरं बाहेर काढते." दारात ती नवऱ्याकडे वळली. "तू येतोस की गाळा सांभाळतोस?"

धाकट्याला वाटलं, बायकोनं सगळ्यांसमोर थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं. मग त्याच्या डोळ्यांसमोर पाळणाघराची खोली आली. खिडकीजवळच्या सतरंजीवर पिटुकली झोपते. उताणी, दोन्ही हात डोक्यावर. त्या खिडकीतून वर बघितलं की टाकीचा तळ दिसतो, काळपट, पावसाच्या डागांचा. गेल्या महिन्यात तिथून सिमेंटचा एक पोपडा पडला होता आणि त्यानंच तो बुटानं बाजूला सारला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. गाळ्याची कागदपत्रं त्याच दिवशी व्हायची होती.

तो बायकोच्या मागून धावत सुटला, अनवाणी.

*

मिस्त्रींना स्वयंपाकघराचं दार खुर्चीतून दिसायचं. आत चार माणसं होती आणि चौघांच्या पाठी त्यांच्याकडे होत्या.

त्यांना हल्ली तोंडं वाचता यायची. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. तिला वाटायचं ती पुन्हा म्हणते म्हणून भागतं. पाठी वाचता येत नाहीत. पण चार माणसं एकाच वेळी पाठ करून उभी राहतात तेव्हा त्यांना काय माहीत आहे, ते कळायला कान लागत नाहीत. मग सून धावली. तिच्यामागे पोरगा अनवाणी धावला. मिस्त्रींनी कप खाली ठेवला आणि गॅलरीत जाऊन दुसऱ्या कुंडीची माती बोटांनी उकरली. तडा बोटाला लागला.

ते तसेच उकिडवे बसून राहिले. महिन्यापूर्वी टाकीवर जे झालं ते त्यांनी रोज मनातून ढकललं होतं. हातोडी मारली होती आणि काही आलं नव्हतं. भद नाही, खणखणीत नाही, काहीच नाही. खाली पोरगी उभी होती, उन्हाला हात आडवा धरून वर बघत. तिच्याबरोबर इंजिनिअर, कारकून, दोन नगरसेवक. तिथून खाली उतरून 'मला कळत नाही' म्हणण्यापेक्षा उडी मारणं सोपं वाटलं होतं. त्यांनी तळहात लावून बघितला. तळहातालाही काही कळलं नाही. मग ते वरूनच ओरडले होते, "खणखणीत!"

ते उठले. हातोडी घेतली. थोरली दारात आली तेव्हा ते पायात बूट चढवत होते.

"बाबा, कुठं?"

"टाकीवर. चल."

"बाबा, मला तुम्हाला काहीतरी—"

"चल म्हटलं ना."

दोन गल्ल्या ते दोघं जवळजवळ धावतच गेले. आई मागं राहिली होती, धापा टाकत येत होती. टाकीच्या आवारात गोंधळ होता. सूनबाई, धाकटा आणि मदतनीस बाई एकेक पोर उचलून फाटकाबाहेर आणत होते. झोपेतून उठलेली पोरं रडत होती. मिस्त्रींना त्यांची नुसती उघडी तोंडं दिसत होती. वर पाण्याचा पाइप थरथरत होता. त्यांनी खांबाला हात लावला. खांबही थरथरत होता.

त्यांनी हातोडी लेकीच्या हातात दिली.

"तू मार. इथं, बीम खांबाला मिळतो तिथं."

"मला काय कळणार?"

"मार."

थोरलीनं मारली. मिस्त्री बीमकडे बघतच नव्हते. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. लहानपणी दहावीचा निकाल बघताना, नवरा गेल्याचा फोन घेताना, मतं मोजताना, हा चेहरा त्यांनी कितीतरी वेळा वाचला होता. हातोडी बसली तसा तिचा रंग उतरला. वरून वाळूसारखं काही तिच्या खांद्यावर पडलं.

"पुढं मार. हातभर अंतरावर."

तिनं मारली. डोळे मिटून घेतले.

"बास," मिस्त्री म्हणाले. "पोकळ आहे. सगळीच."

*

टाकीशेजारच्या पंपहाऊसमध्ये ऑपरेटर उठून उभा राहिला. मिस्त्रींनी त्याला बाजूला सारून पंपाचा खटका स्वतः खाली ओढला, मग टाकी रिकामी करायचा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी फिरवायला लागले. तो गंजला होता. धाकट्यानं येऊन हात लावला. बापलेकांनी मिळून तो उघडला आणि नाल्याच्या तोंडातून पाणी धडाधडा बाहेर पडू लागलं.

"किती वेळ लागेल रिकामी व्हायला?" थोरलीनं विचारलं, वडिलांसमोर उभं राहून, तोंड नीट उघडून.

"चार तास."

"तोवर धरेल?"

"माहीत नाही," मिस्त्री म्हणाले. आयुष्यात टाकीबद्दल हे ते पहिल्यांदा म्हणत होते.

ऑपरेटर बिचारा वहीचं पान फाडून उभा होता. "मॅडम, लेखी लागेल. कारण..."

थोरलीनं पेन घेतलं. 'तांत्रिक बिघाडामुळे' असं तिनं लिहिलं. मिस्त्रींनी वाकून वाचलं आणि पेन तिच्या हातातून काढून घेऊन ते शब्द खोडले.

"तांत्रिक बिघाड कसला? लिही. तपासणी करणाऱ्याला ऐकू येत नाही. त्यानं खोटं सांगितलं. खाली मी सही करतो."

"बाबा, नको. दुसरं काहीतरी लिहू."

"दुसरं लिहिलंस तर परवा कुणीतरी येईल आणि म्हणेल मिस्त्रींनी बघितलीय, भरा."

तिनं लिहिलं. त्यांनी सही केली, नेहमीसारखी, खाली रेघ ओढून. मग ती कागद परत ओढून घेऊन आणखी एक ओळ लिहू लागली. तिनं ती कुणाला वाचून दाखवली नाही, पण धाकट्यानं खांद्यावरून वाचली. 'ही गोष्ट मिस्त्रींच्याच तपासणीचा आग्रह धरणाऱ्या नगरसेविकेला आणि तिच्या घरातल्या सगळ्यांना आधीपासून माहीत होती.' तिनं त्याखाली सही केली आणि सगळं दुसऱ्या पानावर उतरवलं. एक प्रत ऑपरेटरला दिली आणि दुसरी, भाषणाचे कागद टाकून देऊन, पिशवीत ठेवली. पावणेपाच झाले होते.

"सभेत हेच वाचणार?" धाकट्यानं विचारलं.

"माझ्याकडे दुसरं काय आहे आता वाचायला!"

ती निघाली. धाकटा थोडा वेळ टेकडीकडे बघत उभा राहिला, मग तिच्या मागून निघाला. "ताई, थांब, मी येतो," म्हणाला. "आज विरोधी पक्ष खरा असेल."

फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, आई दगडावर बसली होती. पिटुकली तिच्या मांडीवर पुन्हा झोपली होती. वर्कशॉपमधून सुटलेल्या बाया धावत येऊन आपापली पोरं छातीशी धरत होत्या आणि वर टाकीकडे बघत होत्या. मिस्त्री येऊन आईच्या डाव्या हाताला बसले. म्हणजे ती नेहमीसारखी त्यांच्या उजवीकडे आली. दोघांनी टाकीवरून नजर काढली नाही.

"काय आवाज येतोय?" त्यांनी विचारलं.

आईनं आजूबाजूला बघितलं. सगळी गल्ली जमली होती. ऑपरेटर होता, इंजिनिअरही येऊन पोचला होता. ती सवयीनं त्यांच्याकडे झुकली, ओठ जेमतेम हलवत म्हणाली, "पाण्याचा. आणि वर कुठंतरी काहीतरी करकरतंय."

"अगं, जोरात बोल," मिस्त्री सगळ्यांच्या देखत म्हणाले. "मला ऐकू येत नाही."